खुर्च्यांपेक्षा जास्त माणसं

१

तिसऱ्या शुक्रवारी शारजाच्या त्या हॉलमध्ये खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त होती, आणि तरीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रणधीर फोनवर हे सांगत होता तेव्हा मी माझ्या गावी, ईटला, अंगणात बाज टाकून ऊन खात पडलो होतो. डोळा लागलेला होता. आधी वाटलं, स्वप्नातच कुणीतरी कोडं घालतंय.

"बापू, चोरी झालीय," रणधीर ओरडला. "घरातच झालीय. तुमी या."

मी 'बरं' म्हणालो, तेही कुजबुजत. मी कुस्तीचा निवेदक. जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये हलगीच्या वर जो आवाज चढतो तो बहुतेक वेळा माझा, कृष्णराजचा असतो, आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. पण दिवाळीच्या आधी घशात गाठी निघाल्या. धाराशिवच्या डॉक्टरांनी बजावलं की दोन महिने कुजबुजण्यापलीकडे बोललात तर आवाज विसरा. हे ऐकून बायकोला आनंद लपवता आला नाही. रणधीरच्या शोसाठी माझं शारजाला जाणंही त्यामुळंच हुकलं.

गप्प राहणाऱ्या माणसाला ऐकू जास्त येतं आणि झोपही जास्त येते. त्या दिवसांत मी निम्मा जागा, निम्मा झोपेत असायचो. एसटीतून धाराशिव, तुळजापूर, मग अणदूर, असा मी गेलो तो सगळा रस्ता मला धुक्यातल्या ज्वारीसारखा अंधुक आठवतो.

रणधीर अणदूरचा. एकेकाळचा खरा पैलवान, आता 'रणझुंज' नावाच्या फ्रीस्टाइल कंपनीचा मालक. त्याच्या कुस्तीत माती नसते. रिंग असते, रंगीत दिवे असतात, मुखवटे असतात आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडं जत्रेत फुकट कुस्ती बघायची सवय, इथं तिकीट कोण काढणार? म्हणून तो आखातात गेला. तिथं पोटासाठी गेलेली आपली, कर्नाटकातली, तेलंगणातली माणसं पैसे मोजून खुर्चीवर बसतात. यंदा शारजात त्यानं ओळीनं तीन शुक्रवार शो लावले होते.

"हॉलात खुर्च्या तीनशे," रणधीर मला समोर बसवून म्हणाला. "पयल्या शुक्रवारी तिकीट वीस दिरम. अडीचशे खपली. दारावर माणसं मोजायचं यंत्र हाय, त्यानं दाखवली तीनशेला थोडी कमी. हॉल भरायलाय म्हणून दुसऱ्या शुक्रवारी तीस केलं. दोनशे खपली, माणसं तेवढीच. तिसऱ्याला चाळीस केलं. दीडशे खपली, आन् माणसं तीनशेच्या वर!"

"म्हणजे निम्मी माणसं बिनतिकिटाची," मी कुजबुजलो.

"बिनतिकिटाची कशी? दारावर बब्रुवान वस्ताद हुते. तिकीट बघितल्याबिगर ते देवाला आत सोडायचे न्हाईत. आत गेलेल्या परत्येकाच्या हातात तिकीट हुतं, पर त्याचा पैसा माझ्याकडं आला न्हाय. म्हंजी तिकिटं कुणीतरी जादा छापली आन् गुपचूप इकली."

"विकायला कोण होतं?"

रणधीर कपाळावरचा भंडारा पुसत बसला. मग म्हणाला, "शिवप्रिया."

मला धक्काच बसला. शिवप्रिया ही विरुपाक्षची मुलगी. विरुपाक्ष आणि रणधीर एका तालमीत घुमले, एका ताटात जेवले. विरुपाक्ष गेला तेव्हा रणधीरनं तिरडीला खांदा दिला आणि ही पोर आपली मानली. कंपनी परदेशात नेली ती तिनंच, हॉल शोधण्यापासून व्हिसापर्यंत.

"परवा देव नळदुर्गला निघतोय," रणधीर म्हणाला. आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस अणदूरला असतो आणि काही नळदुर्गला, मूर्ती एकच. "त्याच्या आत तिनं देवळात बेलभंडारा उचलून सांगावं की पैसा घेतला न्हाय. न्हाईतर कंपनीची पायरी पुन्यांदा चढू नये."

२

अमरनाथ शारजाला पंधराएक वर्षं राहिलेला. हॉल ठरवणं, परवाने काढणं, थंड पेयांचा गाडा लावणं ही त्याची कामं. सुट्टीवर बहिणीकडं अणदूरला आला होता. अंगाला अत्तर, मनगटावर पोळपाटाएवढं घड्याळ. मला तो पहिल्यापासून आवडत नाही, त्यामुळं चोर तोच निघावा अशी माझी मनापासून इच्छा होती.

"बापू, यंत्र बेअक्कल असतंय," तो म्हणाला. "माणूस लघवीला भाईर गेला, परत आला, की दोनदा मोजतंय. झाला तुमचा जादा आकडा."

इतकं सोपं उत्तर मिळाल्यावर मी उठायच्याच बेतात होतो. तरी विचारलं, "लोक बाहेर जायचे का?"

त्यानं डोकं खाजवलं. "न्हाय तसं. चहा, पानी, संडास, समदं आतच हाय. एकदा आत गेलेल्याला शो संपूस्तर भाईर सोडायचं न्हाय, असा हॉलवाल्याचा नियमच हाय." आपण आपल्याच उत्तरावर पाणी ओतलं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"तू शो बघितलास?"

"कुठला बघतोय! म्या भाईर गाड्यावर. आत रिंगवर उजेड आन् खाली काळामिट्ट अंधार. रिंगमधल्यालाबी खालचं कायबी दिसत न्हाय." मग त्याला त्याचं दुःख आठवलं. "आन् वर साफसफाईचा दंड लावला मला. का तर रेती सांडली म्हणं! गल्फात रेती न्हाय तर काय साखर असती व्हय? तिसऱ्या शुक्रवारी रिंगच्या चारी अंगाला नुसती रेती, पायानं तुडवलेली. खुर्च्यांखाली बघावं तर चकचकीत."

मी मान हलवली. रेतीचं तेव्हा मला काही वाटलं नाही. आखातात रेती असायचीच.

निघताना त्यानं मला थांबवलं. "बापू, म्या बी विचार केलाय. दारावर वस्ताद. त्यांच्या हातनं माशी जायची न्हाय. मंग उरलं कोण? मला तिचं नाव तोंडातनं काढू वाटंना, पर उरलं कोण?"

३

बब्रुवान वस्ताद तालमीच्या ओट्यावर उन्हात बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, छाती अजून दारासारखी. रणधीर, विरुपाक्ष आणि आसपासच्या गावांतली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखाली तयार झाली. आता तालमीत कुणी येत नाही. रणधीरनं त्यांना शारजाला नेलं ते मानानं नेलं, आणि दारावर उभं केलं.

मी जवळ गेलो तसा त्यांनी हात पुढं केला आणि सरळ माझा कान पकडला. चाचपला. "साबूत हाय," म्हणाले. "म्हंजी किस्ना. बोलणारा."

"दिसत नाही का वस्ताद?"

"मोतीबिंदू पिकलाय. आकार दिसतुया, चेहरा न्हाय. बस."

आम्ही बसलो. पलीकडं कुणीतरी हलगी शेकत होतं, देवाच्या निघण्याची तयारी. थाप पडायची, थांबायची. मला पेंग यायला लागली. पुढचं बोलणं मी जागेपणी ऐकलं की झोपेत, असं अजूनही वाटतं.

"वस्ताद, शारजात फुकट कुणी आत गेलं?"

"फुकट्या?" म्हातारा ताठ झाला. "माझ्या पुतणीचा नवरा तिथं कामाला हाय. आला दात काढत. म्हनला, मामा सोडा की. म्या म्हनलं, जा, तिकीट काढून ये. काढाय लावलं त्याला! पुतणी अजून बोलंना माझ्याशी. खंडोबाची आन हाय किस्ना, एकबी फुकट्या आत गेला न्हाय."

मी आयुष्यभर पैलवानांची बढाई ऐकत आलो आहे. खोटं लगेच कळतं, त्यात आवाज अर्धा सूर वर जातो. म्हाताऱ्याचा आवाज होता तिथंच होता.

"लई चांगलं दिवस गेलं बग तिथं," ते हळूच म्हणाले. "वाटलं, म्या पुन्यांदा मैदानात हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मोतीबिंदूचं असेल म्हणून मी दुसरीकडं बघितलं. वस्ताद खरं बोलत असतील तर आत गेलेल्या प्रत्येकाकडं तिकीट होतं. म्हणजे चोर शिवप्रियाच होती, आणि हे मला रणधीरला जाऊन सांगावं लागणार होतं.

४

नळदुर्गला शिवप्रियाच्या घरी गेलो. तिची आई रुद्रम्मा दारातच कानडीत या-बसा म्हणाली, "बर्री, कूडरी," आणि चटई अंथरून चहाला लागली. घरात विरुपाक्षचा फोटो होता, लंगोट लावलेला, जवान. त्याच्या खाली शिवप्रिया भाजी निवडत बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बापासारखी रुंद खांद्यांची.

"तुमाला काकांनी धाडलं," ती म्हणाली. रणधीरला ती बोलायला लागल्यापासून काका म्हणते.

"पैसे घेतलेस?"

"न्हाय."

"जादा तिकिटं छापलीस?"

"न्हाय, बापू. मी तर काकांना म्हणत हुते, दर वाढवू नका. वीस दिरम म्हंजे त्या माणसांचं दोन टायमाचं जेवण. तीस केलं की येणार न्हाईत. पण यंत्राचा आकडा बघून काका खूश. म्हणाले, हॉल भरतोय, तुला धंदा कळत न्हाय."

आवाज बापासारखाच, सरळ. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "मग उद्या ये, भंडारा उचल, आणि मोकळी हो. नाव साफ होईल."

तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "भंडारा उचलणार न्हाय."

रुद्रम्मानं चुलीपुढून वळून बघितलं. "काय बोलायलीस गं? पैसं घेतलं न्हाईस ना? मंग भ्यायचं कामून?"

"न्हाय उचलणार, अव्वा. काकांनी हाकललं तर हाकलू द्या."

मी तिला समजावलं, जेवढं कुजबुजत समजावता येतं तेवढं. ही कंपनी तिनं उभी केली. शपथ नाकारली तर गावोगाव पैलवान म्हणतील की विरुपाक्षची पोर चोर. उद्या सोयरीक जमायची तिथंही हीच गोष्ट आधी पोचेल. ती मान खाली घालून ऐकत राहिली. रडली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "बापू, तुमचा घसा बसलाय ते बरंच हाय. तुमी आता कुणालाच काय इचारू नका."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी रणधीरच्या माडीवर मी आडवा झालो. तिसऱ्या शुक्रवारच्या शोचं चित्रीकरण त्यानं माझ्या मोबाईलवर टाकलं होतं. कॅमेरा मागं उंचावर होता. रिंग लखलखत होती, पुढं खुर्च्यांच्या पाठी अंधुक दिसत होत्या, आणि खरंच निम्म्या रिकाम्या होत्या. रिंगच्या पायथ्याशी तर डांबर ओतल्यासारखा अंधार. थोडा वेळ बघितलं, मग डोळे मिटायला लागले. मोबाईल छातीवर ठेवला आणि नुसतं ऐकत राहिलो.

मला स्वप्न पडलं. ज्वारीच्या रानात मधोमध रिंग होती आणि भोवती माणसं बसली होती, खाली, मातीवर, मांडी घालून. चेहरे नव्हते. रणधीरच्या कंपनीतल्या पोरांनी दोरावरून उंच उड्या मारल्या. लांबून कुठूनतरी आरडाओरडा झाला, पण ही जवळची माणसं ढिम्म. मग दोन पोरं एकमेकांना भिडली आणि कुणाला दिसणारही नाही अशी एक गोष्ट झाली. एकानं मनगट धरून दुसऱ्याला किंचित ओढलं आणि त्याच्या बगलेतून सुळकन पाठीमागं गेला. खरा डाव, तालमीतला, सवयीनं निघून गेलेला. त्या सगळ्या बिनचेहऱ्याच्या माणसांतून एक दबका हुंकार निघाला, आणि मग आवाज आला: थप्. थप्. थप्.

मी उठून बसलो. स्वप्न संपलं होतं, आवाज चालूच होता. तो मोबाईलमधून येत होता.

मी मागं नेऊन परत ऐकलं. टाळी नव्हती ती. टाळी पातळ असते. तळहात मांडीवर पडला की असा भरलेला आवाज येतो. माझी सगळी हयात तो आवाज ऐकण्यात गेली आहे. ते शड्डू होते. दीडशे माणसं रिंगच्या पायथ्याशी, अंधारात, शड्डू ठोकत होती.

घशाची पर्वा न करता मी मोठ्यानं हसलो असतो, पण शिवप्रियाचं 'न्हाय उचलणार' आठवलं आणि माझं हसू आत गेलं. ती शपथेला का भीत होती तेही आता कळलं होतं.

६

देवळात संध्याकाळी जमायचं होतं. मी शिवप्रियाला बसस्टँडवर गाठलं. रुद्रम्मा सोबत होती, तिला नारळ घ्यायला पाठवलं आणि पोरीला बाकावर बसवलं.

"ऐक," मी म्हणालो. "माणसं खुर्च्यांपेक्षा जास्त आणि खुर्च्या रिकाम्या, म्हणजे ती माणसं खुर्चीवर बसलीच नव्हती. खाली बसली होती. रेतीही तिथंच सांडली होती. हॉलमध्ये खुर्च्या मोकळ्या असताना खाली कोण बसतं? ज्याला आखाड्याच्या कडेला मातीवरच बसायची सवय आहे तो. शुक्रवारी तिथं रेतीत कुस्त्या होतात ना?"

तिनं मान हलवली. "समुद्राच्या कडंला. पंजाबचे, पाकिस्तानचे, आपल्याकडचे बी. दिवसा मासळी उचलतात, बांधकामावर जातात. शुक्रवारी अंगाला रेती लावून खेळतात."

"आणि तिथून थेट शोला. त्यांच्या हातात तिकीट नव्हतं. वस्तादांनी त्यांना सोडलं. आणि तरी वस्ताद खंडोबाची आण घेऊन सांगतात की एकही फुकट्या आत गेला नाही, आणि ते खोटं बोलत नाहीत."

शिवप्रियाचे डोळे भरले.

"मैदानाची जुनी रीत आहे," मी म्हणालो. "पैलवानाला तिकीट नसतं. दारावरचा माणूस कुस्तीत घासून मोडलेला कान बघतो आणि आत सोडतो. सोलापूरला, लातूरला, तिकीट लावलेल्या कुठल्याही मैदानात. माझा कान वस्तादांनी काल चाचपला, पण मी झोपेत होतो. त्यांच्या लेखी ती माणसं फुकटी नव्हतीच. ती मानाची माणसं. आणि अशी वार्ता रेतीत पसरायला किती वेळ लागतो? दर शुक्रवारी ती वाढत गेली. तुझ्या काकानं यंत्राचा आकडा बघून दर वाढवला, म्हणून खुर्चीवरची माणसं गेली. चोरी कुणीच केलेली नाही. रणधीरनं स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः घालवलं."

"दुसऱ्या शुक्रवारी सुट्टे आणायला आत गेले तवा बघितलं," ती म्हणाली. "रांग लागलेली, बापू. घामाच्या, मासळीच्या वासाची माणसं. वस्ताद एकेकाचा कान दोन्ही हातांनी धरायचे आन् इचारायचे, कुठली तालीम? वस्ताद कोण? भाषा न्हाय कळली तरी माणसं सांगायची. एक दाढीवाला हुता, केवढा थोरला. त्याला तिथं कुणी नाव घेऊन बोलवत नसंल. त्यानं वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं आन् रडला. ती माणसं कुस्ती बघायला येतच नव्हती. कान दाखवायला येत हुती."

"मग सांगायचंस काकाला."

"काकांनी वस्तादांना दारावरनं काढलं असतं. ओरडले असते, सगळ्यांम्होरं. गावात त्यांना कुणी इचारत न्हाय, बापू. तिथं रांग लागायची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भंडारा उचलून मी पैसा घेतला न्हाय म्हणाले असते. पण मग काका इचारणार, तुला ठाव हाय का कुणी केलं? देवाम्होरं न्हाय कसं म्हणू?"

चोरानं बिनदिक्कत भंडारा उचलला असता. हिला उचलता येत नव्हता, कारण हिला खरं माहीत होतं. एवढा अभिमान मला माझ्या आवाजाचाही कधी वाटला नाही.

"सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या बापाचे वस्ताद हाईत."

मी तिला वचन दिलं नाही. दिलं असतं तर मोडावं लागलं असतं.

७

देवळात भंडारा उधळला जात होता. हवा पिवळी झाली होती, दिव्यांच्या उजेडात माणसं पाण्याखालून चालल्यासारखी दिसत होती. उद्या देव निघणार म्हणून बायका ओवाळायला आल्या होत्या. आम्ही एका बाजूला, ओवरीत. रणधीर, अमरनाथ, वस्ताद, रुद्रम्मा आणि शिवप्रिया. मध्ये ताटात बेल आणि भंडारा.

"उचल," रणधीर म्हणाला.

शिवप्रिया हात जोडून उभी राहिली. ताटाला तिनं हात लावला नाही.

"उचल की गं!" त्याचा आवाज फाटला. त्याला ती चोर असायला नको होती, हे कुणालाही ऐकू आलं असतं. "एकदा उचल आन् संपव."

"न्हाय, काका."

अमरनाथनं मान फिरवली. रुद्रम्मा खाली बसली. रणधीर म्हणाला, "मंग जा. पुन्यांदा तोंड दावू नको."

ती वळली. मी घशाला मफलर गुंडाळलेला होता, तो काढला. काय विचारायचं ते मी दुपारपासून घोळवत होतो. चोर पकडल्यासारखा प्रश्न मला विचारायचा नव्हता.

"वस्ताद," मी विचारलं, होता तेवढ्या आवाजात, "शारजात पैलवान किती आले होते हो?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. शारजाहून आल्यापासून हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"लई आले!" ते म्हणाले. "पयल्यांदा थोडे. मंग वाढत गेले. शेवटच्या शुक्रवारी तर हातच दुखाय लागले माझे कान चाचपून. कसले कसले कान, किस्ना! पार गोळा झालेले. एक तर अमृतसरच्या तालमीचा, एक मुलतानचा. म्या समद्यास्नी आत बसवलं, रिंगच्या बगलंला, मानानं."

"तिकीट?" रणधीर म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"पैलवानाला कवापास्नं तिकीट लागाय लागलं रं?" वस्ताद हसले. "तुला आन् विरुपाक्षाला सोलापूरच्या मैदानात म्या कसं नेलं हुतं? कान दावूनच की."

म्हाताऱ्याला चेहरे दिसत नव्हते, पण शांतता कळत होती. त्यांनी मान इकडं तिकडं फिरवली. रुद्रम्माचं हुंदके देणं त्यांना ऐकू गेलं. मग हळूहळू, एकेक गोष्ट जुळवत, त्यांना समजलं. ते बघणं मला सहन होत नव्हतं, पण मी बघितलं, कारण ते मीच घडवून आणलं होतं.

"म्हंजी पोरीवर आळ... माझ्यापायी?"

ते चाचपडत उठले. शिवप्रियाच्या दिशेनं गेले आणि वाकायला लागले, तिच्या पायाकडं. ज्या माणसानं आयुष्यात आखाडा आणि देव सोडून कशापुढं मान वाकवली नाही, तो. तिनं पळत येऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले. "वस्ताद, न्हाय, न्हाय. बाबा वरनं बघायलेत, माझं थोबाड फोडतील." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून.

रणधीर ताटापाशी उभा होता. एवढा मोठा गडी, हात कुठं ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मस्कतचा शो हाय पुढं. तिकीट काय ठेवायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते."

शिवप्रियानं डोळे पुसले. "शारजात वीस ठेवलं हुतं तेच ठीक हुतं. मस्कतला बी तेवढंच हलकं ठेवा, खुर्च्या भरतील. रिंगच्या भोवतीनं सतरंज्या टाका. आन् दारावर वस्तादच राहतील, मालक."

मालक. मी ते ऐकलं, आणि रणधीरनंही ऐकलं. अंगावर आडवा डाव पडावा तसा तो मागं सरकला.

"जेवून जा," तो म्हणाला.

"गाडी जाईल. चल, अव्वा."

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. रणधीर जागचा हलला नाही. बब्रुवान वस्तादांनी चाचपडत त्याचा दंड धरला आणि त्याला देवळाच्या दाराकडं ढकललं. "उभा काय ऱ्हायलास? जा की मागं."

तो पळाला. मी आयुष्यात रणधीरच्या कितीतरी कुस्त्या बोललो आहे, पण त्याला असं पळताना कधी बघितलं नव्हतं. धोतराचा सोगा एका हातात, केसांतून भंडारा गळतोय. मी धापा टाकत हमरस्त्यावर पोचलो तोवर नळदुर्गची गाडी निघायला लागली होती आणि तो दाराला लटकून आत चढला होता. खिडकीतून आतला दिवा दिसत होता. रुद्रम्मा पुढच्या सीटवर होती, शिवप्रिया तिच्या मागं एकटी. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली. गाडी वळेपर्यंत मी बघत होतो, तो अजून दांडा धरून उभाच होता.